पायांना परवडणारे गाव

उतारवयात राहण्यासाठी घर शोधणारी माणसे सामान्यतः तीन गोष्टी विचारतात : भाडे किती, पाणी किती वेळ येते आणि उजेड-वारा कसा आहे. आम्ही उभयतांनी घर शोधण्यास प्रारंभ केला, तेव्हा या तिन्हींच्या आधी एक चौथा प्रश्न आमच्या वहीत लिहिलेला होता. या गावात माझ्या यजमानांना रोज, कोणाचाही हात न धरता, कोठवर चालता येईल?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो २०२२ साली, यजमानांना कंपवाताचे निदान झाल्यावर. इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो आज त्यांच्या नावाने अधिक परिचित आहे. मेंदूतील डोपामीन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने कमी होत जातात, हे त्याचे मूळ. हात थरथरणे हे लोकांना दिसणारे लक्षण. परंतु कुटुंबाला अधिक जाणवते ती गतीची मंदता. पाऊल आखूड पडते, चालताना हात झुलत नाही, वळताना तोल जातो. कधी कधी दारातून जाताना किंवा अरुंद जागी पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. औषधाने पुष्कळ आराम पडतो, मात्र विकार समूळ जात नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, “गोळी घड्याळ पाहून घ्या आणि चालणे एक दिवसही सोडू नका.”

त्या वेळी आम्ही डोंबिवलीत स्वतःच्या सदनिकेत राहत होतो. तिसरा मजला, उद्वाहक नाही, चौपन्न पायऱ्या. यजमान त्या उतरू शकत होते, चढूही शकत होते. पण ‘उतरलो तर पुन्हा चढावे लागेल’ हा विचार त्यांच्या मनात घर करू लागला होता. प्रथम संध्याकाळचे फिरणे बंद झाले, मग वाचनालय, मग भाजी. शरीराने अद्याप जे नाकारले नव्हते, ते जिन्याने नाकारले. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सुश्रुतसंहितेतही शरीराला फार पीडा होणार नाही इतपत चालण्याचे गुण सांगितले आहेत. या दोन्ही उपदेशांचा मार्ग आमच्या बाबतीत चौपन्न पायऱ्यांवरून जात होता.

स्वतःचे घर असताना बिऱ्हाड कशासाठी?

यजमानांचे बालपण समुद्राकाठच्या गावात गेलेले. निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या एखाद्या लहान गावी राहावे, ही त्यांची जुनी इच्छा. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर तिला मुहूर्त मिळाला. परंतु तेथे घर विकत न घेता भाड्याने घ्यावे, असे आम्ही ठरविले तेव्हा आप्तांना ते रुचले नाही. माझ्या नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, वीस वर्षे हप्ते फेडून घर केलेत. आता या वयात पुन्हा विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेणार?”

त्यांच्या बोलण्यात प्रेम होते आणि एका पिढीचा अनुभवही होता. आमच्या आईवडिलांनी चाळीत भाड्यानेच जन्म काढला. पण त्यांच्या पाठीशी १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा उभा होता. वेळेवर भाडे भरणाऱ्या बिऱ्हाडकरूला सहजासहजी बाहेर काढता येत नसे. आज आपण जो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार करतो, त्यात हे संरक्षण नाही. मुदत संपली की घर सोडावे लागते. तेव्हा नणंदबाईंची शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर करारपत्रातच शोधावे लागणार होते. ते पुढे सांगते.

भाड्याच्या घराकडे आम्ही वळलो त्याचे कारण विकाराच्या स्वभावात आहे. आज तळमजला पुरे आहे. चार वर्षांनी चाकाची खुर्ची आत येईल असे दार लागेल. त्यानंतर कदाचित मुलाच्या जवळ राहावे लागेल. ज्या गरजा वर्षागणिक बदलणार, त्यांच्यासाठी आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी भिंतींत घालणे आम्हाला योग्य वाटेना. डोंबिवलीची सदनिका विकायची नाही, ती भाड्याने द्यायची आणि येणाऱ्या रकमेतून नव्या घराचे भाडे भागवायचे, असा हिशेब केला. मोठा औषधोपचार उद्भवला तर ती सदनिका हाताशी राहील, हाही त्यात विचार होता.

किनाऱ्यावरील शोध

पहिली पसंती अर्थातच अलिबाग. जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे जिल्हा रुग्णालय, एसटी स्थानक, बाजारपेठ, वाचनालय सारे गावातच, आणि सपाट रस्त्याने समुद्र गाठता येतो. ओहोटीच्या वेळी लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात, ते पाहताना यजमानांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते.

परंतु अलिबागेतील घरमालकांचे गणित निराळे होते. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांकडून दोन दिवसांत जे मिळते, ते आमच्यासारख्यांकडून पंधरवड्यातही मिळत नाही. एक घर आम्हाला मनापासून आवडले. मालक म्हणाले, “काका, राहा की वर्षभर. फक्त मे महिना आणि नाताळचा आठवडा जागा मोकळी करून द्या.” कंपवाताच्या माणसाला अंधारातही पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची पावले ठाऊक असावी लागतात. वर्षातून दोनदा त्याला नव्या खोलीत नेऊन ठेवणे म्हणजे पडण्याला निमंत्रण देण्यासारखे आहे. दुसरी अडचण पावसाळ्याची. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आहे, तरी खवळलेल्या समुद्रापुढे तिचाही इलाज चालत नाही. मग उरतो तो वडखळ-पेणमार्गे रस्ता. आमचे मेंदूविकारतज्ज्ञ मुंबईत. वर्षातून चार वेळा त्यांच्याकडे जाणे अटळ होते.

मुरूडला गेलो. गावाला लागूनच पसरलेली पुळण, शांत आळ्या, माडांची सावली. भाडेही आवाक्यातले. पण अलिबागपासूनच ते सुमारे पन्नास किलोमीटर पुढे. मुरूडच्या एका वयस्क गृहस्थांनी प्रांजळपणे सांगितले, “इथे तब्येत सांभाळायला उत्तम, पण बिघडली तर लांबचा पल्ला आहे.” त्यांचे ते वाक्य आम्ही वहीत उतरवून घेतले.

पनवेल आमच्या यादीत नव्हते. अलिबागहून परतताना कल्याणची गाडी धरण्यासाठी आम्ही पनवेलच्या स्थानकावर उतरत असू. एकदा गोळीची वेळ झाली म्हणून थांबलो. गोळीचा गुण येईपर्यंत अर्धा तास बसलो आणि मग सहज गावात चालत गेलो. बाजार, टपाल नाका, देवळे, औषधांची दुकाने मागे टाकीत वडाळे तलावाच्या काठी पोहोचलो. यजमान तेथील फिरण्याच्या वाटेवरून एक पूर्ण फेरी चालून आले आणि म्हणाले, “अगं, हे गाव पायांसाठीच बांधलेले दिसते.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पनवेल हे मुळात खाडीवरचे बंदर. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यावर मुंबईहून पुण्याला जाणारी माणसे पडावातून पनवेलला उतरत आणि तेथून घाट चढत. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि ती वर्दळ ओसरली. पण बंदर, पेठ, तलाव आणि देवळे यांच्याभोवती दाटीने वसलेले जुने गाव तसेच राहिले. नगरपालिका १८५२ ची. महानगरपालिका झाली ती २०१६ मध्ये. भोवती नवी उपनगरे पसरली, तरी जुन्या पनवेलच्या आळ्या अजून पायी चालणाऱ्याच्या मापाच्या आहेत.

येथे पुळण नाही, लाटा नाहीत. खाडीची भरती-ओहोटी आहे, खारा वारा आहे आणि सकाळी मासळीबाजारात जिताडा आहे. समुद्राची इच्छा धरून निघालेल्या माणसाला एवढ्यावर समाधान मानणे सोपे नव्हते. निर्णय यजमानांवर सोपवून मी गप्प राहिले. दोन दिवसांनी ते म्हणाले, “समुद्र पाहायला गाडीने जाता येईल. रोजचे दूध आणायला मात्र मला चालतच जायचे आहे.”

गाव तपासण्याची रीत

त्यानंतर आम्ही काही महिने पनवेलला येत राहिलो. ज्यांना असा शोध करावयाचा आहे त्यांच्यासाठी आमची रीत येथे नोंदविते.

दलाल ‘पाच मिनिटांवर’ म्हणतात ती पाच मिनिटे बहुधा दुचाकीची असतात. म्हणून प्रत्येक अंतर आम्ही यजमानांच्या पावलांनी आणि घड्याळाने मोजले. दूध, भाजी, औषधे, बँक, डॉक्टर, देऊळ, वाचनालय आणि रिक्षाथांबा ही आठ ठिकाणे त्यांच्या चालीने पंधरा मिनिटांच्या आत असावीत, ही आमची अट. त्यात वाहता रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो, हेही मोजले. वाटेत टेकायला पार, ओटा किंवा बाक कोठे आहे, उघडे गटार कोठे आहे, फरसबंदीच्या विटा कोठे उखडल्या आहेत, कुत्र्यांचा घोळका कोणत्या वळणावर असतो, याची टिपणे केली.

प्रत्येक पसंतीच्या घराच्या परिसरात आम्ही चार वेळा गेलो : सकाळी बाजार भरलेला असताना, दुपारी दोनच्या उन्हात, दिवे लागल्यानंतर आणि एकदा भर पावसात. पावसातील फेरी कोकणात टाळू नये. गाढी नदी आणि खाडी जवळ असलेल्या या गावात भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी लवकर निचरत नाही. तळमजल्याचे घर घेताना शेजाऱ्यांना सरळ विचारावे, “२६ जुलै २००५ ला पाणी कोठवर आले होते?” उत्तर देताना माणूस भिंतीवर हात ठेवून दाखवितो, आणि त्या हाताची उंची कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वसनीय असते. भिंतीची ओल, बुरशीचा वास, कपाटामागचे पोपडे हेही पावसाळ्यातच कळतात. दम्याच्या किंवा संधिवाताच्या रुग्णांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

पनवेलचा एक गुण आम्हाला प्रवासात कळला. १९९८ पासून येथे हार्बर मार्गाची लोकल येते आणि ती येथूनच सुटते. त्यामुळे मुंबईला डॉक्टरांकडे जाताना यजमानांना बसायला जागा मिळते. ज्याचा तोल सांभाळायचा आहे, त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

करारपत्रातील आरोग्य

आरोग्यविषयक पाक्षिकात करारपत्राची चर्चा कशासाठी, असे कोणी म्हणेल. पण दर अकरा महिन्यांनी ‘आता काय?’ या चिंतेने झोप उडत असेल, तर ती चिंताही एक व्याधीच होय.

अकरा महिन्यांचा करार ही केवळ रूढी आहे. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून ती टाळण्यासाठी अकरा महिने, अशी तिची उत्पत्ती. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मग अकरा महिन्यांवरच का अडायचे? साठ महिन्यांपर्यंतचा करार करता येतो. आम्ही छत्तीस महिन्यांचा मागितला. घरमालक प्रथम बिचकले. भाडे दरवर्षी ठरावीक प्रमाणात वाढेल आणि मुदत संपताच जागा मोकळी होईल, हे लेखी मिळाल्यावर ते राजी झाले. त्यांनाही दरवर्षी नवा भाडेकरू शोधण्याचा ताप नकोच होता.

खर्चाची भीती बाळगू नये. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते; परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर दरसाल दहा टक्के धरून येणारा आकडा त्यात मिळवितात. सरासरी १४ हजार रुपये मासिक भाडे आणि ५० हजार अनामत धरली, तर तीन वर्षांचे शुल्क सुमारे १,३०० रुपये होते. शहरी भागात नोंदणीचे आणखी १,००० रुपये. नोंदणी घरी बसून होते. यजमानांच्या थरथरत्या बोटाचा ठसा यंत्राने तिसऱ्या प्रयत्नात घेतला. नोंदणीसाठी आलेला तरुण “काका, सावकाश” म्हणत शांतपणे थांबला.

करारात आम्ही चार कलमे आग्रहाने घातली. पहिले, दोघांचीही नावे. असा परवाना त्या व्यक्तीपुरता असतो, तो वारसाकडे आपोआप जात नाही. केवळ यजमानांच्या नावाने करार असता, तर त्यांच्यामागे माझा त्या घरावर कोणताही हक्क उरला नसता. हे कलम लिहिताना दोघेही थोडा वेळ बोललो नाही. दुसरे, मुदतीपूर्वी घर खाली करावे न लागण्याची हमी. तिसरे, गंभीर आजार किंवा मृत्यू ओढवल्यास एक महिन्याच्या सूचनेने आम्हाला घर सोडता यावे आणि अनामत पूर्ण परत मिळावी. चौथे, न्हाणीघरात व शौचालयात आधारदांडे बसविण्याची परवानगी.

उंबरठ्यावरून मात्र थोडी चर्चा झाली. घर जुने, उंबरठा उंच. तो काढण्यास मालकांच्या मातोश्रींची संमती नव्हती, आणि त्यांची भावना आम्हाला समजत होती. शेवटी व्यायामोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने उंबरठ्यावर पिवळी पट्टी चिकटविली. खिळलेल्या पायाला समोर स्पष्ट रेघ दिसली की ती ओलांडण्यासाठी तो उचलला जातो, असे त्यांनी समजावून दिले. आजीबाई दर गुरुवारी त्या पट्टीशेजारीच हळदकुंकू वाहतात.

आजची स्थिती

१ नोव्हेंबर २०२४ रोजी आम्ही या घरात आलो. या काळात कंपवात थांबला आहे, असे मी म्हणणार नाही. प्रारंभी यजमान तलावाच्या दोन फेऱ्या घालीत, आता एक घालतात आणि हातात काठी असते. दुपारनंतर पाय जड होतात. पण दूध तेच आणतात. सकाळची गोळी उपाशीपोटी घ्यायची, नंतर थोडे थांबून दूध आणायला जायचे, असा क्रम आहे. प्रथिनयुक्त आहाराबरोबर घेतल्यास या औषधाचा गुण कमी येतो, म्हणून मासळीचे जेवणही गोळीपासून दूर ठेवतो. वाटेत पाय अडले तर मनातल्या मनात ठेका धरून ‘एक, दोन’ म्हणत पाऊल टाकतात. औषधवाला, भाजीवाली, टपाल नाक्यावरचा रिक्षावाला यांना ते ठाऊक झाले आहे. कोणी धावत येऊन हात धरीत नाही. थांबून वाट देतात. ओळखीच्या आळीत मिळणारी ही समज कोणत्याही औषधपत्रिकेवर लिहिता येत नाही.

समुद्राची आठवण त्यांना येते. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत रेल्वे सुरू झाली आहे. बेलापूरला गाडी बदलून उरणला जायचे, रिक्षाने पिरवाडीचा किनारा गाठायचा, तासभर बसायचे आणि परत यायचे, असा आमचा महिन्याकाठचा नेम आहे. कधी एसटीने अलिबागला जातो. महिलांना आणि पासष्टीपुढील ज्येष्ठांना एसटीत निम्मे तिकीट असल्यामुळे तो खर्चही जड जात नाही.

करार ३१ ऑक्टोबर २०२७ ला संपेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून या भागातील भाड्यांची चर्चा सर्वांच्या तोंडी आहे, आणि पुढील करार याच रकमेत होईल असे आम्ही धरून चालत नाही. तोवर यजमानांच्या गरजाही बदललेल्या असतील. त्यासाठी आतापासून वहीत नवे पान उघडले आहे : रुंद दार, उंबरठा नसलेली न्हाणी, दारापर्यंत येणारी रुग्णवाहिका.

ज्यांच्या घरी साठीच्या पुढचे कोणी जिन्याकडे पाहून बाहेर जाणे टाळू लागले असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. घर बदलण्याचा विचार पाय पूर्ण थकल्यावर करू नये. नव्या गावाची ओळख करून घेण्यासाठीही पाय चालते असावे लागतात. घर पाहायला जाताना मोजपट्टीबरोबर ज्यांच्यासाठी घर घ्यायचे त्यांना सोबत न्यावे, आणि त्यांच्याच चालीने सारे गाव एकदा हिंडून यावे. मगच भाड्याचा विषय काढावा.